धुळ्याचे तिकीट

प्रवासाला निघणाऱ्या माणसांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील माणसे देवळे, किल्ले आणि लेणी पाहण्यासाठी निघतात आणि वाटेत भूक लागलीच तर कर्तव्यबुद्धीने चार घास खाऊन पुन्हा इतिहासाकडे वळतात. दुसऱ्या वर्गातील माणसे जेवण्यासाठीच निघतात आणि एक जेवण पचून दुसऱ्याची वेळ होईपर्यंतचा काळ कसा तरी घालवला पाहिजे म्हणून देवळे, किल्ले आणि लेणी पाहतात. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटून नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेले आमचे एक स्नेही, ज्यांना आम्ही अद्यापि नायबसाहेबच म्हणतो, हे या दुसऱ्या वर्गाचे भूषण होत.

निवृत्तीच्या दिवशी सरकारने नायबसाहेबांकडून दप्तर काढून घेतले, परंतु दप्तर ठेवण्याची वृत्ती काढून घेण्याची तरतूद कोणत्याच नियमात नसल्यामुळे ती त्यांच्यापाशीच राहिली. तिला काही तरी खाद्य हवे म्हणून त्यांनी एक जाडजूड खतावणी घातली आणि गाव, ठिकाण, पदार्थ, दर, प्रत व शेरा असे रकाने आखून महाराष्ट्रातील भोजनस्थळांची नोंद आरंभली. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यापुढे 'समाधानकारक', मालवणच्या सोलकढीपुढे 'पुनश्च', आणि नागपूरच्या सावजी रश्श्यापुढे 'परिणामांस सरकार जबाबदार नाही' असे शेरे तीत आहेत. खान्देशाच्या पानावर जळगावच्या भरताला अग्रमान आहे. कारण जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि सरकारी दाखला मिळाल्यावर चवीबद्दल वेगळी चौकशी करणे हे नायबसाहेबांच्या मते अधिकारातिक्रमण होय. चाळीसगावापुढचे सारे रकाने मात्र कोरे होते. शेऱ्याच्या रकान्यात तेवढे लिहिले होते : 'गाडी बदलण्यापुरते.'

हा शेरा निष्ठुर असला तरी अगदीच निराधार नव्हता. काही गावांचा लौकिक त्यांच्या स्वतःच्या नावावर नसून नावामागे लागणाऱ्या 'मार्गे' या शब्दावर उभा असतो, आणि चाळीसगाव हे अशा गावांचे मुकुटमणी आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गाला १९०० साली येथून धुळ्याचा फाटा फुटला, गावाला जंक्शनची पदवी मिळाली, आणि तेव्हापासून येथे उतरणारा मनुष्य प्रथम धुळ्याची गाडी कोठे लागते ते विचारतो. ज्या जेम्स औट्रामने १८२५ साली खान्देशात भिल्लांची पलटण उभी केली, त्याचे नाव धारण करणारा घाट चढून कोणी कन्नड-वेरुळाकडे जातो, कोणी पितळखोऱ्याची लेणी गाठतो, तर कोणी पाटणादेवीच्या दर्शनाला. या सर्वांना चाळीसगाव लागते. परंतु लागते ते वाटेत. ज्या गावी कोणी जेवण्याच्या उद्देशाने येत नाही, त्या गावाने चांगले रांधावे तरी कोणासाठी, असा नायबसाहेबांचा युक्तिवाद असे.

आम्हीही धुळ्यालाच निघालो होतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तल्यावर त्यांच्या नावे तेथे जे संशोधन मंडळ उभे राहिले, त्यातील मोडी कागद पाहावेत अशी नायबसाहेबांची फार दिवसांची इच्छा होती. आणि धुळ्यातील एका खाणावळीची, विश्वसनीय सूत्रांकडून आलेली, शिफारसही त्यांच्या खिशात होती. या दोन प्रयोजनांपैकी मुख्य कोणते, हे त्यांच्या वर्गीकरणावरून वाचकांनी ताडले असेलच. धुळ्याच्या गाडीला अवकाश होता म्हणून, स्थानकापासून जवळच असलेले केकी मूस यांचे कलादालन पाहून यावे असे त्यांनीच सुचविले.

केकी मूस हे नाव ज्यांनी ऐकले नसेल त्यांच्यासाठी थोडा तपशील दिला पाहिजे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी गृहस्थ विलायतेत कलाशिक्षण घेऊन चाळीसगावी आला आणि घरात जो शिरला तो १९८९ साली देह ठेवीपर्यंत क्वचितच बाहेर पडला. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश टाकून, त्यांतून अवघी सृष्टी उभी करणारी त्याची छायाचित्रे पाहताना वेळेचे भान राहत नाही. परंतु नायबसाहेबांना तेथे खिळवून ठेवले ते छायाचित्रांनी नव्हे, तर मूस यांच्याविषयी गावात सांगितल्या जाणाऱ्या एका कथेने. मुंबईत सोडून आलेल्या प्रेयसीने आपण एक दिवस चाळीसगावी येऊ आणि तुझ्यासवे जेवू असा शब्द दिला होता म्हणे; म्हणून मुंबईहून मेलगाडी येण्याच्या सुमारास हा मनुष्य रोज रात्री दार उघडून, दोघांचे पान मांडून बसे, आणि गाडी निघून गेली की दार लावून घेई. ती कधीच आली नाही. नायबसाहेबांनी ही कथा दोनदा सांगवून घेतली, मेनू काय असे, जेवण गरम कसे ठेवीत, दुसऱ्या पानाची पुढे विल्हेवाट काय होई, असे अनेक उपप्रश्न विचारले, आणि ज्या घरातील मनुष्य आयुष्यभर गाडीची वाट पाहत राहिला, त्याच घरात उभे राहून आमची धुळ्याची गाडी निघून गेल्याची शिट्टी ऐकली.

महामार्गावरून धुळ्याकडे एसट्या जातात, हे मी निदर्शनास आणून दिले. परंतु एकदा काढलेले तिकीट वाया घालविणे म्हणजे वसूल झालेला महसूल परत करण्यासारखे आहे, असा निवाडा देऊन नायबसाहेबांनी पुढील गाडीपर्यंत मुक्काम जाहीर केला. भोजनाचा प्रश्न अर्थातच ऐरणीवर आला. त्यांनी रीतसर चौकशी आरंभली आणि भिन्नभिन्न स्तरांवरील इसमांच्या जबान्या घेतल्या. पानवाल्याने सांगितले, भरीत खायचे तर हिवाळ्यात या, आणि तेही शेतात, काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, लाकडी भांड्यात ठेचून. रिक्षावाल्याने सांगितले, खापरावरचे मांडे खायचे तर लग्नाचे आमंत्रण मिळवा. शाळेच्या वाटेवर भेटलेल्या एका गुरुजींनी चांगले जेवण कुठे मिळते या प्रश्नाला, क्षणभर विचार करून, 'आमच्या घरी' असे उत्तर दिले आणि सायकलवर बसून निघून गेले. खान्देशातील माणसाला आपले उत्तम जेवण विकत मिळू शकते ही कल्पनाच मुळी मान्य नाही, असा निष्कर्ष नायबसाहेबांनी काढला, आणि उन्हाचा कडाका असह्य झाल्यामुळे, जवळ जे दार उघडे दिसले त्यात आम्ही शिरलो.

दारावरची पाटी उन्हाने इतकी विटली होती की तीवरून मालकाचा ठावठिकाणा लागणे अशक्य होते. गल्ल्यावर एक धिप्पाड तरुण बसला होता आणि आतल्या अंगाला, चुलीपाशी, त्याची वृद्ध माय भाकरी थापीत होती.

"बठा काका," तरुण म्हणाला.

"काय काय आहे?" नायबसाहेबांनी खतावणी उघडीत विचारले.

"जेवण शे."

"ते समजलो. पण प्रकार कोणकोणते?"

या प्रश्नात काही तरी गैर आहे अशा मुद्रेने त्याने आमच्याकडे पाहिले आणि उत्तर देण्याऐवजी दोन ताटे आणून आदळली. अर्ज, सुनावणी, पुरावा यांपैकी काहीही न होता थेट हुकूमनामा बजावण्यात आला होता. ताटात कळण्याची भाकरी होती, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, किंचित काळसर, खमंग. बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, हाताने फोडलेला कांदा, आणि वाटीत नुसता काळपट लाल रस्सा. वाटीत भाजी नाही, अशी हरकत नायबसाहेब नोंदवणार तोच तो तरुण मूठभर जाड, तिखट शेव घेऊन आला आणि त्याने ती दोन्ही वाट्यांत सोडली.

"आते खा, नहीतं शेव नरम व्हई जाई."

शेवभाजीचे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईतो भाजायचे, खडा मसाला आणि लाल मिरचीसह त्यांचे वाटण करून ते तेल सुटेपर्यंत परतायचे, पाणी घालून उकळी आणायची. येथपर्यंत सारे काम सावकाशीचे आहे. शेव पडल्यानंतर मात्र एक क्षणही तहकुबी मिळत नाही. कुरकुरीत शेवेने रस्सा प्यावा पण स्वतःचा कणा सोडू नये, अशी जी अल्पकालीन अवस्था असते ती पकडली पाहिजे, आणि ती पकडणाऱ्याला खतावणीत नोंद करणे शक्य नसते. नायबसाहेबांनी एकदा प्रयत्न केला. परंतु उजवा हात रश्श्यात गुंतलेला, डाव्या हाताने नाक पुसणे चाललेले आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या, अशा स्थितीत 'प्रत' या रकान्यावर पेन्सिलीऐवजी तेलाचा एक थेंब पडला. आणि माझ्या मते त्या खतावणीतील सर्वांत प्रामाणिक नोंद तीच होय.

वाटीवरचा बोटभर तवंग पाहून मी काही बोलणार होतो; परंतु नायबसाहेबांनी, भाकरी मोडता मोडता, त्याला इतिहासाचा आधार दिला. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याविषयीचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत असला तरी शेवटी जेथे उत्पन्नाच्या बाबी येतात तेथे तो जुन्या मराठीवर उतरतो, आणि त्या बाबींत तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यावे अशी तजवीज आहे. "सिद्धान्तशिरोमणीचे अध्ययन ज्या प्रांतात तेलावर चालले," नायबसाहेब म्हणाले, "तेथे तुम्ही तवंगाला हरकत घेता?" मी हरकत मागे घेतली.

मधून मधून तो तरुण 'आखो ल्या' म्हणे आणि आम्ही नको म्हणण्यापूर्वीच भाकरी ताटात पडे. उलट नायबसाहेबांनी वरणाची चौकशी केली तेव्हा, शेवभाजीबरोबर वरण मिळणार नाही असे त्याने नव्हे तर आतून त्या मायने सांगितले, आणि हा निकाल अखेरचा आहे हे तिच्या आवाजावरूनच कळले. हिशेबाच्या वेळीही कागद आला नाही. त्याने छताकडे पाहून माझ्या चार आणि काकांच्या सहा भाकरी सांगितल्या. पाच, असे नायबसाहेब म्हणताच त्याने पहिली कांद्याबरोबर, दुसरी व तिसरी रश्श्यात, चौथी ठेच्याशी, पाचवी इतिहास सांगताना आणि सहावी वरण मागितल्यानंतर रागाने खाल्लेली, अशी तारीखवार जबानी दिली. भास्कराचार्यांच्या लीलावतीचे अध्ययन या परिसरात खंडित झालेले नाही, हे मान्य करून नायबसाहेबांनी सहा भाकरींचा आकार मुकाट्याने भरला.

संध्याकाळच्या गाडीत आम्ही या भोजनाची मीमांसा केली. धुळ्याच्या शिफारशीच्या खाणावळीत रात्री जेवलो, तेही उत्तम होते. परंतु ते जेवण आम्ही तपासले, आणि चाळीसगावचे नुसते जेवलो. ज्याच्या हाती पदार्थांची लांबलचक यादी दिली जाते तो मनुष्य न्यायाधीश होतो. त्याला पसंती करावी लागते, केलेल्या पसंतीचा पश्चात्ताप करावा लागतो, शेजारच्या टेबलावरील ताटाकडे पाहून आपला निकाल चुकला की काय ही शंका वागवावी लागते, आणि इतक्या कामकाजातून जेवायला सवड अशी राहत नाही. उलट, गाडी चुकल्यामुळे ज्याला अडकवून ठेवले आहे आणि ताट समोर आदळले जाईपर्यंत ज्याला गुन्ह्याचे स्वरूपही कळलेले नाही, तो आरोपी असतो. आणि निर्दोष सुटल्याचा आनंद फक्त आरोपीलाच होऊ शकतो, न्यायाधीशाला नव्हे.

नायबसाहेबांना हा सिद्धान्त पटला, परंतु त्यांनी मूस यांचा दाखला देऊन त्यावर एक उपसूचना मांडली. त्या घरी स्थळ, काळ, यजमान आणि पान सर्व निश्चित होते, उणीव फक्त पाहुण्याची होती. तरीही सबंध गावाला ठाऊक असलेले चाळीसगावातील एकमेव जेवण तेच आहे. तेव्हा कोणी तरी आपली वाट पाहत असावे आणि आपण तेथे जाऊ नये, किंवा कोणीही वाट पाहत नसावे आणि आपण तेथे जाऊन पडावे, या दोनच रीतींनी भोजन अविस्मरणीय होते. ठरवून वेळेवर पोहोचणाऱ्यास मात्र केवळ पोटभर जेवणावर समाधान मानावे लागते.

इतके स्वच्छ तत्त्वज्ञान हाती आल्यावर मनुष्याने स्वस्थ बसावे की नाही? परंतु घरी परतताच नायबसाहेबांनी पेन्शनर मित्रांची एक तुकडी चाळीसगावी जेवायला नेण्याची योजना मांडली. जो जेवायचे ठरवून येतो तो अडकलेला नसतो, सबब त्याला हा लाभ मिळू शकत नाही, असा कायदेशीर आक्षेप मी घेतला. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग, महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसालाच सुचावी अशी तोड त्यांनी काढली. मंडळींना धुळ्याची तिकिटे काढून द्यायची, चाळीसगावी उतरताच त्यांना मूस यांच्या घरी न्यायचे, ती कथा सावकाश, उपप्रश्नांसह, सांगायची. बाकीचे काम वेळापत्रक करील. सहलीचे पत्रक निघाले आहे. त्यात प्रयोजन 'राजवाडे संशोधन मंडळ, धुळे' असे नमूद केले असून, भोजनव्यवस्थेच्या रकान्यात, माझ्या आग्रहावरून, 'ज्याची त्याने' असे घातले आहे.