पाच आकडी कुऱ्हाड

ऐकलंत का? आमच्या मजल्यावरच्या एका भावजींच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस म्हणून उरलेला नाही. मला वाटलं, कसलं तरी औषध लावलं असेल. तर त्यांची बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "नवी कुऱ्हाड आणलीये. धार लागली का, ते हातावरचे केस भादरून बघतात." बोरिवलीत, दोन खोल्यांत, पाइपगॅसवर जेवण शिजणाऱ्या घरात कुऱ्हाड! आता काय आमटी फोडायची?

बरं, हे एकटेच नाहीत. शनिवारी दुपारी गोराईच्या जेट्टीवर उभ्या राहा. पूर्वी त्या बोटीत स्कूटरी, माशांच्या पाट्या आणि पॅगोड्याला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली मंडळी असायची. आता तंबूत राहायला निघालेल्यांच्या सॅकमधून कुऱ्हाडीचे दांडे डोकावतात. पात्याला चामड्याचं म्यान आणि दांड्याला जवसाचं तेल! सासऱ्यांच्या गुडघ्याला तेल चोळताना नाही दिसले हे कधी.

कुऱ्हाड स्वीडनची. १९०२ सालचा ग्रान्सफोर्स ब्रुक नावाचा कारखाना आहे म्हणे. तिथला लोहार आपण घडवलेल्या पात्यावर स्वतःच्या नावाची अक्षरं ठोकतो. भावजी ती अक्षरं आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवतात. आणि आपल्याकडे रस्त्याकडेला पाल टाकून घिसाडीण घणाचे घाव घालते, ट्रकच्या कमानपाट्यातून कुऱ्हाड काढते, तिच्याशी आपण वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो.

तीन महिने निवड चालली होती. मुलीसाठी स्थळं बघताना एवढी चौकशी नसते. मोठी घ्यावी तर बोटीत सांभाळणं अवघड, लहान घ्यावी तर ओंडका फुटत नाही. पात्याचे गाल जाड असले तर लाकूड झटकन फाकतं पण तासता येत नाही, गाल पातळ असले तर तासायला छान पण फोडताना रुतून बसते. शेवटी मधली ठरली. दांडा दीड फुटाचा, डोकं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे फोडायलाही ती आणि कोरायलाही तीच. दांडा अमेरिकेतल्या हिकरीचा. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून जातात का, हे बघायचं असतं, आडव्या गेल्या तर घावासरशी मोडतो. हे मात्र खरं हो, माझे आजोबा बाभळीचा दांडा असाच डोळ्यासमोर धरून निवडायचे. फक्त त्याचा व्हिडिओ काढत नव्हते.

आता गंमत ऐका. गोराईला जाऊन तोडणार काय? खाडीतल्या तिवरांना हात लावायचा नाही, २००५ सालीच उच्च न्यायालयानं बजावलंय. किनाऱ्यावरच्या सुरूला लावायचा नाही, शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडायचं नाही असा १९७५ चा कायदा आहे. मग तंबू भाड्यानं देणाऱ्या मावशींकडून सुरूची मोळी विकत घ्यायची. आधीच फोडलेली! आणि ती पुन्हा फोडत बसायचं.

वाळलेला सुरू म्हणजे दगड. भावजींनी उभ्यानं पहिला घाव घातला, पातं निसटलं आणि नडगीपासून चार बोटांवरून गेलं. आखूड दांड्याचं हेच असतं, लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर जमिनीत जाते, आखूड थेट पायाकडे वळते. म्हणून गुडघे टेकून, खाली ठोकळा ठेवून फोडायचं. ठोकळा होता कुठे? दुसरा घाव लाकडातून आरपार रेतीत. केस भादरणारी धार क्षणात गेली. मग पात्यामागच्या तुंब्यानं तंबूच्या लोखंडी खुंट्या ठोकायला निघाले, तर सोबतचा मित्र ओरडला, "अरे, नको! भोक पसरेल, डोकं ढिलं होईल!"

मावशी हे सगळं बघत होत्या. त्या आत गेल्या, गंजकी, दांड्याला पाचर मारलेली कुऱ्हाड घेऊन आल्या, चार घावांत मोळी बारीक केली, तुंब्यानं सहा खुंट्या ठोकल्या, येताना एक शहाळं तासून हातात दिलं आणि म्हणाल्या, "जेवण लावू का?"

रात्रभर खारा वारा. सकाळी स्वीडिश पात्यावर तांबूस ठिपके! भावजी बोटीत बसून शर्टाच्या टोकानं पातं पुसत होते, आजारी पोराचं तोंड पुसावं तसे.

येताना एक चमचा मात्र कोरून आणला. कुऱ्हाड पात्याजवळ धरून, ढलप्या काढत, चार तास. बाहेरून चमचाच, आतून सपाट. त्यात वरण राहत नाही, म्हणून बायकोनं तुळशीच्या कुंडीत माती उकरायला घेतलाय. आता आतली खोली कुऱ्हाडीनं येत नाही, त्याला वाकड्या पात्याचा वेगळा चाकू लागतो म्हणे. काल पार्सल आलंय, वॉचमनच्या टेबलाखाली ठेवलंय. तिला अजून पत्ता नाही. माझं नाव सांगू नका हं.