शेवईचं बाळंतपण

आमच्या घराण्याचा सापाशी संबंध नागपंचमीपुरता. आई बत्तीस शिराळ्याकडची, त्यामुळे तो जरा जास्त भक्तिभावाचा, एवढंच. भारतात राहिलो असतो तर तो तसाच राहिला असता, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप घरात पाळता येत नाहीत. पण मी राहतो डॅलसजवळच्या प्लेनोत, आणि इथे कॅलिफोर्निया किंगस्नेक खुशाल पाळतात. बिनविषारी, साधारण चार फुटांचा. आठवड्याला एक उंदीर पुरतो. तो गोठवलेला मिळतो आणि कोमट पाण्यात वितळवून द्यायचा असतो. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. लेकीच्या हट्टापायी एक आला. पाठीवर उभा पट्टा, नाव नूडल. पुढे आडव्या कड्यांची मादी आली, तेव्हा घरात मराठी टिकली पाहिजे म्हणून तिचं नाव मी शेवई ठेवलं.

यांची जोडी जमवायची कल्पना माझी, आणि तिचा दोष लॉरेन्स क्लाउबरकडे जातो. हा सॅन दिएगोच्या वीज कंपनीतला इंजिनिअर. साप हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. त्या काळी उभ्या पट्ट्यांचे आणि आडव्या कड्यांचे किंगस्नेक या दोन वेगळ्या जाती समजत. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही नक्षीची पिल्लं निघतात, हे क्लाउबरने १९३० च्या दशकात दाखवून दिलं. आता इंजिनिअर तर मीही आहे.

किंगस्नेकचं लग्न लावायचं तर आधी हिवाळा लागतो. दोन-अडीच महिने अंधार आणि १० ते १३ अंश सेल्सिअस. त्याआधी दोन आठवडे कडक उपास, कारण पोटात राहिलेला उंदीर थंडीत पचत नाही, सडतो. आमच्या गॅरेजचं हवामान टेक्सासच्या लहरीवर. सकाळी काकडायचं आणि दुपारी घामाघूम व्हायचं. म्हणून मी वाइन ठेवायचा छोटा फ्रिज आणला. तो १३ अंशांवर स्थिर राहतो. आत हवेची भोकं पाडलेले दोन पारदर्शक डबे, प्रत्येकात पाण्याची वाटी. बायकोला सांगितलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं नव्हतं.

घडीच्या खुर्च्या आणायला एक वहिनी गॅरेजात गेल्या. आमच्या घरात वाइनचा फ्रिज, हा शोधच एवढा मोठा होता की कुणीही दार उघडून पाहिलंच असतं. त्या किंचाळल्या नाहीत. दार नीट लावलं, आत आल्या, हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं. तिळगूळ मात्र घेतला नाही.

वसंतात दोघांना उबेत आणलं, भरपूर खाऊ घातलं, शेवईने कात टाकली आणि मुहूर्त ठरला. किंगस्नेक इतर साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा. त्याचं विष याला फारसं बाधत नाही. आपल्या नागराजाचाही आहार हाच, आणि दोघांच्या नावातलं राजेपण तिथूनच आलेलं. म्हणजे वधू-वरांची गाठ घालताना एकाने दुसऱ्याला गिळू नये, ही काळजी यजमानाची. मी बागेतले हातमोजे चढवून, सापाची आकडी घेऊन उभा राहिलो. नूडल थरथरत शेवईच्या अंगावरून सरकला आणि त्याने तिची मान दातांत धरली. मी झेप घेतली. त्यांना सोडवलं. नूडलने मग माझं मनगट धरलं, हातमोजा संपतो बरोबर तिथे, आणि तो ते चघळू लागला. वर शेपटीकडून असा काही दर्प सोडला की शर्ट शेवटी टाकूनच द्यावा लागला.

लेक शांतपणे टॅबलेटवर वाचत होती. म्हणाली, “बाबा, नर मादीची मान अशीच धरतो. ते लग्न होतं.”

मी मनगट धुवायला गेलो. तेवढ्यात त्यांनी उरकून घेतलं.

मे महिन्याच्या शेवटी शेवईने पुन्हा कात टाकली, आणि नंतरच्या आठवड्यात ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरून अंडी घातली. पांढरी, चिवट कातडी कवचाची, एकमेकांना चिकटलेली. कोंबडी अंडी उलटीपालटी करते. सापाच्या अंड्याला ते चालत नाही, आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि उलथलं तर दगावू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर मी पेन्सिलीने फुली मारली. अंधारात टॉर्च लावली तर आत लाल शिरा दिसल्या. दोन पिवळी, टणक निघाली, ती फुकट. ज्या माणसाने लेकीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलची बॅग घरीच विसरली होती, तो आता सुईण झाला.

उबवणीची पेटी घरीच बांधली: जुना आइसबॉक्स, तापणारी वायर, थर्मोस्टॅट. आत डब्यात वर्मिक्युलाइट आणि त्याच्याच वजनाइतकं पाणी. तापमान २८ अंश, मुदत ५५ ते ७० दिवस. ते बायकोला समजावून सांगताना माझ्या तोंडून २८ हा आकडा निघाला, आणि तिच्या डोळ्यांत पूर्वी कधी न पाहिलेला आदर दिसला. इथल्या घरांत उन्हाळाभर एसी. इडलीचं पीठ जन्मात फुगत नाही.

एका रात्री दोन वाजता फोन कोकलला: पेटीत ३१ अंश. धावत गेलो. अंड्यांच्या शेजारी स्टीलचा डबा, आणि थर्मोस्टॅटची तार त्याला टेकलेली. गार पिठाचं तापमान मोजत बिचारा थर्मोस्टॅट पेटी तापवत सुटला होता. आणखी दोन-तीन अंश चढले असते तर पिल्लं व्यंगं घेऊन निघाली असती. हे मी बरंच आवाज चढवून सांगितलं. बायको म्हणाली, “तुझी अंडी दोन महिने घेणार. माझं पीठ एका रात्रीत होतं. जरा सरकून घ्यायला काय हरकत आहे?” दुसऱ्या दिवशी मी पिठासाठी वेगळी पेटी बांधून दिली. घरात माझ्या हातच्या वस्तूंपैकी चर्चेत असते ती तीच.

जुलैअखेर अंड्यांना पोचे पडले, कवचाला बारीक चिरा गेल्या आणि एकेक डोकं बाहेर आलं. बाहेर येऊन थांबलं. पिल्लू चांगलं दिवसभर नुसतं डोकं काढून बसतं. मी रजा घेतली होती. पिल्लं निघाली तेव्हा काही पट्टेवाली, काही कड्यांची. क्लाउबरला माझ्या दाखल्याची गरज नव्हती, तरी ऑफिसात सगळ्यांना ईमेल गेली.

नागपंचमीला आईचा व्हिडिओ कॉल. “दूध ठेवलंस का?” साप दूध पीत नाही, हे मी सांगितलं. “आणि लाह्या?”

भावंडंही एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा, आणि डब्याला चिमटे. ग्रॅन कॅनेरिया बेटावर सुटलेल्या पाळीव किंगस्नेकांनी तिथल्या सरड्यांचा फडशा पाडला आहे, तेव्हा चिमट्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पहिली कात टाकली की पिल्लं उंदराचं गुलाबी पिलू खातात. एक सोडून सगळ्यांनी खाल्लं. त्या एकाने तोंड फिरवलं. यावर जाणत्यांचा उपाय असा, की पिलाला पालीचा वास लावायचा. टेक्सासात भूमध्य सागराकडच्या पाली येऊन घराघरांत वसल्या आहेत, चुकचुकतातही अगदी आपल्यासारख्या. रात्री हाफपँटवर टॉर्च आणि गाळणं घेऊन मी अंगणातल्या भिंतीशी उभा राहिलो. पाल निसटली, वळवळती शेपटी हातात आली. तेवढीच पुरली, पिल्लाने मटकावलं. पुढच्या आठवड्यात वास नसलेला उंदीर त्याने हुंगूनसुद्धा पाहिला नाही.

शेजारचे टेक्सन आजोबा कुंपणापलीकडून हे सारं बरेच दिवस न्याहाळत होते. आता पोलिसांना फोन जाणार, या तयारीत मी होतो. परवा त्यांनी हाक मारली. म्हणाले, “दिव्यापाशी आहे बघ एक, चांगली लठ्ठ. शिडी देऊ का?”