अर्धी घ्या की!

केदारखेड्यात कॅलरी मोजायच्या तर आधी भाकरी मोजाव्या लागतात, आणि जेवताना भाकरी मोजणाऱ्याला आमच्याकडं दुसऱ्यांदा कुणी जेवायला बोलावत नाही. जालना-भोकरदन रस्त्यावरचं, पूर्णेकाठचं हे गाव. पाहुण्याचं पोट भरलं की नाही हे इथं पाहुणा ठरवत नाही, वाढणारा ठरवतो. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला की वाढणारा म्हणतो, ‘बरं, अर्धी घ्या की!’ आमच्या भागातली अर्धी म्हणजे पुण्यातल्या दोन पोळ्या. ती संपली की उरलेली अर्धी एकटी कशाला ठेवायची म्हणून तीही पडते.

अशा गावात वजन उतरवायची हौस मोबाइलवरून आली आहे. ॲप विचारतं, चपाती लहान, मध्यम की मोठी? हातावर थापलेली बाजरीची भाकरी यातल्या कोणत्या खान्यात बसवायची? पिठलं किती बाउल? आमच्याकडं पिठलं भाकरीवर येतं, बाउल फक्त पाहुण्यांच्या आइस्क्रीमला निघतो.

तर वाद असा. एक पक्ष म्हणतो, काय खाता याला महत्त्व नाही, किती कॅलरी जातात तेवढं बघा. दुसरा म्हणतो, कॅलरी सोडा, योग्य ते खा, वजन आपोआप उतरेल. दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात. आपल्याकडच्या पक्षांना हे नवीन नाही.

कॅलरीवाल्यांचं दैवत म्हणजे अमेरिकेतले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हाऊब. २०१० साली या गृहस्थांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीम भरलेले केक, चिप्स आणि गोड सीरियल असा पोरांच्या वाढदिवसाचा आहार घेतला. अट एकच, दिवसाला १८०० कॅलरींच्या वर जायचं नाही. वजन उतरलं बारा किलो. कोलेस्टेरॉलसुद्धा सुधारलं. ही गोष्ट ऐकली की केकवाले टाळ्या वाजवतात, पण १८०० ची अट तेवढी टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. प्राध्यापकांना हे जमलं, कारण मोजणं हाच त्यांचा प्रयोग होता. मोजणारा माणूस केकच्या दुसऱ्या तुकड्याला नाही म्हणतो. बाकीचे आधी खातात आणि मग पाकिटामागची बारीक अक्षरं वाचतात.

दुसऱ्या पक्षाकडंही प्रयोग आहे, आणि माझ्या मते तो जास्त शहाणा आहे. २०१९ साली केविन हॉल या संशोधकानं वीस माणसांना चार आठवडे अमेरिकेतल्या सरकारी संशोधन रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातून आलेलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे साधं, घरी करतात तसं. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखंच. हवं तेवढं खा, नको ते टाका. पाकिटाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोनं वाढली. साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. ‘जास्त खा’ असं त्यांना कुणीही म्हटलेलं नव्हतं. वाढायला मावशी नव्हती, ‘आमच्या घरचं आवडलं नाही का’ असं विचारणारी काकू नव्हती. काकूचं काम पाकिटानंच केलं.

म्हणजे निकाल असा की वजन हलतं ते कॅलरीनं, आणि कॅलरी किती जाणार हे ठरतं ताटात काय पडलं त्यावरून. दोन्ही पक्ष निवडून आले. त्यामुळे दोन्ही नाराज आहेत.

महाराष्ट्रात हा वाद शास्त्रज्ञांच्या नावानं झाला नाही, आडनावांच्या नावानं झाला. २०१८ च्या सुमारास घराघरांत एकच प्रश्न होता, तुम्ही दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा मराठवाड्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणारे, म्हणजे आमच्याच भागातले. त्यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार उचलला आणि फुकट व्याख्यानं देत गावोगाव नेला. प्रत्येक खाण्याला शरीर इन्शुलिन सोडतं, म्हणून दिवसातून दोनदाच खा, खरी भूक लागल्यावर खा, पंचावन्न मिनिटांत आटपा, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहराही केलं. समोर ऋजुता दिवेकर. करीना कपूरला ‘टशन’ सिनेमासाठी बारीक करणाऱ्या, आणि मराठी माणसाला तूप-भात परत मिळवून देणाऱ्या. त्या म्हणाल्या, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, आजी खायची तेच खा. एकाच घरात नवरा दीक्षित, बायको दिवेकर, आणि सासू दोघांकडं पाहत चहा पीत बसलेली. दोन तासांनी खाणारी आणि दोनदाच खाणारा यांचा संसार चाललाच कसा, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा होता.

गंमत ही की दोघांनीही कॅलरी मोजायला सांगितलं नाही. मराठी माणसाला हे फार आवडलं. बायको सांभाळते ते घरखर्चाचे आकडे एकवेळ परवडतात, पण ताटातले नको. तरी कॅलरीनं दोन्ही घरांत मागच्या दारानं प्रवेश केलाच. केदारखेड्यातला माणूस ‘दीक्षित’ झाला की त्याचं पहिलं काय सुटतं? चहा. दिवसाला पाच-सहा कप, कपाला दोन चमचे साखर, वर दूध, वर बिस्किटाचा पुडा, वर ‘जरा चिवडा घ्या.’ तीनशे-चारशे कॅलरी फक्त ‘बसा, चहा घ्या’ यात जातात, आणि ते खाणं आहे असं कुणी मानतच नाही. दोनदाच खायचं व्रत धरल्यावर हा सगळा चहापाण्याचा कारभार बंद पडतो. श्रेय मिळतं इन्शुलिनला.

इन्शुलिनच्या बाजूनं बोलायचं तर शास्त्राचे कागद थोडे कोरडे आहेत. चीनच्या ग्वांगझूमध्ये १३९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या, एका गटाला आठ तासांच्या खिडकीत खायला लावलं. २०२२ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांचं वजन उतरलं, फरक म्हणावा असा पडला नाही. त्याआधी २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जण वर्षभरासाठी दोन गटांत वाटले, एकाला तेल-तूप कमी, दुसऱ्याला धान्य-साखर कमी. एक गट साधारण सव्वापाच किलोनं उतरला, दुसरा सहा किलोनं. कुणाचं इन्शुलिन कसं, यावरून कुणाला कोणता आहार लागू पडेल हेही सांगता आलं नाही. गार्डनर यांनीही कुणाला कॅलरी मोजायला लावली नव्हती. साखर-मैदा सोडा आणि भाजी भरपूर खा, एवढं मात्र दोन्ही गटांना बजावलं होतं. तेवढ्यावर माणसं आपोआप कमी जेवू लागली. याचा अर्थ दीक्षितांचा नियम खोटा असा नाही. नियम चांगला आहे, कारण तो लक्षात राहतो. ‘दोनदा’ हे भोकरदनच्या बाजारात उभ्या उभ्याही आठवतं, ‘१५४० कॅलरी’ आठवत नाही.

आता भाकरी. शहरात ज्वारीची भाकरी सध्या औषधाच्या भावानं विकली जाते, जणू ती खाल्ली की पोट आत जातं. शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि शंभर ग्रॅम गव्हाचं पीठ यांच्या कॅलरी जवळपास सारख्याच, सव्वातीनशे ते साडेतीनशे. फरक त्यावर काय पडतं याचा. भाकरीवर ठेचा आणि पिठलं, पोळीवर तूप आणि शिकरण. शिवाय तिसरी भाकरी घशाखाली जायला वेळ लागतो, तिसरी पोळी गप्पांमध्ये निघून जाते.

पण केदारखेड्याच्या परिसरात भाकरीची बरीच जागा पोळीनं कशी घेतली, हे कुठल्याच डाएटच्या पुस्तकात नाही. शेतात कपाशी, मका आणि सोयाबीन उभं आहे. ज्वारी पेरली तर पाखरं राखायला माणूस नाही आणि काढायला मजूर नाही. रेशनवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते फुकट आहे, आणि ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २०२४ च्या मार्गदर्शनात सांगते, दिवसाच्या ऊर्जेत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नको. भारतीय ताटात तो पन्नास ते सत्तर टक्के आहे. एका सरकारनं धान्य फुकट द्यायचं, त्याच सरकारच्या संस्थेनं धान्य कमी खा म्हणायचं, आणि डाळीचा भाव दोघांनीही विचारायचा नाही. मग विद्वान मंडळी म्हणतात, लोकांनी योग्य आहार निवडावा. निवडतील की. पोत्यातून गहू बाहेर आला की तांदूळ निवडतील, तांदूळ संपला की गहू.

बरं, वजनकाटा तरी खरं बोलतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. म्हणजे आपला माणूस सदऱ्यातून बारीक दिसतो आणि आतून साठवणूक करून बसलेला असतो. त्यामुळे केदारखेड्याच्या पारावर बसून ‘आपल्याला कुठं वजन आहे’ म्हणणाऱ्या हडकुळ्या काकांनी एकदा साखर तपासून घ्यावी. आणि तपासणी शिबिरातून परत येताना गुलाबजाम खाऊ नयेत, हे वेगळं सांगायला लागतं, कारण शिबिराच्या उद्घाटनाला तेच वाटतात.

उपवासाचं तर विचारूच नका. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानं केली त्याला आकडेमोड येत होती. अंगारकीला राजूरच्या गणपतीला माणसं श्रद्धेनं चालत जातात. तासभराच्या चालण्यात जेमतेम अडीचशे कॅलरी जळतात. रस्त्यात भाविकांच्या सेवेसाठी साबुदाण्याची खिचडी असते, त्यात शेंगदाण्याचा कूट सढळ हातानं, आणि एका भरल्या प्लेटीत तेवढ्या तासाचा हिशेब उलटून जातो. पुढच्या वळणावर दुसरं मंडळ उभं असतं. त्याला नाही कसं म्हणायचं? गणपतीला काय वाटेल!

दिल्लीलाही आता आपल्या पोटाची काळजी वाटू लागली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी वापरा असं सांगितलं. हा सल्ला बरोबर आहे, एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी आणि एक ग्रॅम साखरेत चार. फोडणीच्या एका मोठ्या चमच्यात शंभरच्या वर कॅलरी असतात, आणि आमच्या रश्शावर तर्री नसेल तर स्वयंपाकीण आजारी आहे असं समजतात. मग जुलैमध्ये समोसा-जिलेबीचा गदारोळ झाला. कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावा असं आरोग्य मंत्रालयाचं पत्र निघालं, नागपूरच्या ‘एम्स’चं नाव आलं, आणि वाहिन्यांनी समोशावर सिगारेटसारखा इशारा येणार म्हणून दवंडी पिटली. सरकारला खुलासा करावा लागला की फेरीवाल्यांच्या मालावर कसलंही लेबल नाही. समोसा सुटला. दरम्यान शाळेशेजारच्या टपरीवर पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांच्या माळा वाऱ्यावर डुलत होत्या. त्यांच्याबद्दल कुणी खुलासा मागितला नाही, म्हणून कुणी केलाही नाही.

आणि या सगळ्यात जिला कुणीच विचारलं नाही ती घरातली बाई. घरात कॅलरी मोजणारी तीच एकटी आहे. कोण शेतातून येणार, कोण गावाला गेलंय, कुणाचं पोट बिघडलंय, हे बघून परातीत पीठ किती घ्यायचं ते ती ठरवते, आणि सहसा चुकत नाही. चुकलं तर उरलेलं स्वतः खाते, टाकवत नाही म्हणून. तिचं जेवण शेवटी, तिची निवड म्हणजे टोपल्यात जे राहिलं ते. नवरा व्याख्यान ऐकून येतो आणि जाहीर करतो, आजपासून दोनदाच. ती एक मूठ पीठ कमी घेते. पोरांची वेळ निराळी, सासऱ्यांची निराळी, त्यामुळे चूल होती तेवढीच पेटते, फक्त आता दीक्षितांचं ताट बरोबर वेळेवर लागतं. चार महिन्यांनी नवऱ्याचे सहा किलो उतरतात. ग्रुपवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो पडतात, अंगठे येतात, मंडळ शाल-नारळ देऊन सत्कार करतं. तो भाषणात इच्छाशक्तीवर बोलतो. ती घरी नारळ फोडते, अर्ध्याची चटणी वाटते, अर्धा उद्यासाठी ठेवते, आणि विचारते, शाल ट्रंकेत टाकू का, जुन्या तीन आहेतच.