पगार नंतर विचारा

इंग्रजी शिकवायला परदेशी निघालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगार किती? दोन ठिकाणांहून बोलावणं आलं की दोन्ही आकडे रुपयांत करायचे, मोठा असेल तो घ्यायचा आणि घरच्यांनी पेढे वाटायचे. सोयरीक जुळवताना आपण चार गावांतून चौकशी करतो. पोरगी एकटी बँकॉकला किंवा हनोईला निघाली तर मात्र शाळेचा पत्तासुद्धा कोणी नकाशावर शोधत नाही. पगार हा शेवटचा प्रश्न आहे. निदान पहिल्या नोकरीत तरी.

पहिला प्रश्न व्हिसाचा. ‘आत्ता पर्यटक म्हणून या, इथे आलात की परवान्याचं बघू,’ असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच संपवा. थायलंडमध्ये शिकवायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, त्यावर वर्क परमिट लागतं आणि शाळेत शिकवायचं असेल तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सवलतही लागते. ही कागदपत्रं पुढे सरकवणं शाळेचं काम आहे आणि नेक शाळा ते करते. नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय थायलंडमध्ये उतरण्याची मुभा मिळाली, ती फिरण्यासाठी. वर्गात उभं राहण्यासाठी नव्हे. मुदत संपत आली की लाओसच्या सीमेवर जाऊन नवा शिक्का आणायचा, हा तिथला जुना खेळ. त्यात पकडला जातो तो शिक्षक. दंड त्याला, हद्दपारी त्याला. शाळा दुसरा माणूस उभा करते आणि तास चालू राहतो.

सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं जात होतं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं जात होतं. ती मुलं शिक्षक नव्हती, संगणकाची कामं जाणणारी होती. पण आमिष तेच: भरपूर पगार आणि लगेच निघायची घाई.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण माहीत असलेली बरी. या बाजारात तुमच्या इंग्रजीच्या आधी तुमचा पासपोर्ट बघितला जातो. कोरियाचा परदेशी भाषा शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१०ला लागू झाला, त्यात भारतीयांसाठी एक फट उघडली. शिक्षकाची पात्रता असेल तर शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जाता येतं. ती फट सरकारी शाळांपुरती आहे. तेव्हा भारतीय पासपोर्टवर कोरियातल्या खासगी क्लासची नोकरी कोणी देऊ केली, तर कुठल्या व्हिसावर, हे त्याच्याकडून लेखी घ्या. जपानमध्ये शाळेत शिकवण्याचा नियम आणखी वेगळा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचं किमान बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत एम. ए. केलेली हुशार मुलगी तिथे दारातच अडते.

हा अन्याय आहे, आणि तो अडाणीपणाही आहे. ‘जन्मानं इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक’ हा भ्रम असल्याचं भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२मध्येच साधार मांडलं, तरी भरतीच्या जाहिराती अजून त्याच भ्रमावर चालतात. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचा, हे मराठी मुलाला घाम गाळून शिकावं लागतं, कारण आपल्या भाषेत ती उपपदं नाहीतच. थाई, जपानी, कोरियन भाषांतही नाहीत. तिथल्या मुलाची गाडी नेमकी कुठे अडते, हे लंडनमध्ये वाढलेल्या शिक्षकाला पुस्तकातून कळतं. सोलापूरच्या शिक्षकाला ते स्वतःच्या सहावीच्या वहीतून ठाऊक असतं. मुलाखतीत हे ठासून सांगा. उच्चार उसने आणून अमेरिकन होऊ नका.

आता करारपत्र. इथे घाई करणारे पुढे रडतात, म्हणून इथे मी थांबणार.

पगार वर्षाचे किती महिने? थायलंडमध्ये शाळा मे महिन्यात सुरू होते आणि मार्चच्या सुमारास संपते. एजन्सीचे कित्येक करार दहा महिन्यांचे असतात, सुट्टीत हात रिकामे. ज्या आकड्याला तुम्ही बाराने गुणलंत, त्याला दहाने गुणून बघा. मग तास. आठवड्याला पंचवीस तास शिकवणं आणि आठवड्याला पंचवीस तास काम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तयारी, वह्या, पालकसभा, शनिवारचं इंग्रजी शिबिर हे सगळं त्या पंचवीसच्या बाहेर. जपानमध्ये शाळांना माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांच्या करारात आठवड्याला साडेएकोणतीस तास असा चमत्कारिक आकडा दिसला, तर तो योगायोग समजू नका. तीस तासांच्या आत ठेवलं की सामाजिक विम्याचा खर्च टाळता येत असे, असा तो जुना हिशेब. कोरियात वर्ष पूर्ण केलं की कायद्यानं सुमारे एका महिन्याचा पगार निवृत्तिभत्ता म्हणून मिळतो, आणि म्हणूनच अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढणारे क्लास तिथे कुप्रसिद्ध आहेत. दुबई-शारजात सेवासमाप्तीची रक्कम मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांची. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवलेलं पत्र आलं, तर तो तुमच्या खिशातून गेलेला पैसा आहे.

घर कोणाच्या नावावर, हाही प्रश्न विचारा. ऑक्टोबर २००७मध्ये जपानमधली इंग्रजी क्लासची सर्वांत मोठी साखळी ‘नोव्हा’ बुडाली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षकांचे पगार थकले. त्यांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं, पण ते घरमालकांपर्यंत पोचत नव्हतं. नोकरी गेली आणि डोक्यावरचं छप्परही जायची वेळ आली. शिकवण्याच्या बदल्यात जेवण, अशी व्यवस्था शिक्षकांच्या संघटनेला करावी लागली. हे एका कंपनीपुरतं नाही. जुलै २०२१मध्ये चीन सरकारनं खासगी शिकवण्यांवर बंधनं आणली आणि भरभराटीचा एक आख्खा धंदा काही आठवड्यांत आटला. दोन्ही ठिकाणी जाहिरातीतला पगार उत्तमच होता.

आणि शेवटी ज्यासाठी जायचं ते शिकवणं. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात १२० तास असतात आणि त्यांत प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सहा तास शिकवावं लागतं. स्वस्तातला ऑनलाइन कोर्सही १२० तासांचाच म्हणवतो, पण अनेकदा त्यात एकही खरं मूल समोर नसतं. असा कोरा माणूस चाळीस मुलांच्या वर्गात एकटा सोडला तर वर्षभरात तो शिकवणं शिकत नाही, वेळ ढकलायला शिकतो. म्हणून मुलाखतीत उलट विचारा: पहिल्या महिन्यात माझा तास बघायला कोण येणार? माझ्या आधीचा शिक्षक का गेला? त्याच्याशी बोलायला मिळेल का? याला जी शाळा बिचकते, ती सोडून द्या.

मला विचाराल तर पहिल्या नोकरीसाठी बँकॉकच्या झगमगत्या भाषा-केंद्रापेक्षा आखातातली सीबीएसईची शाळा किंवा मालदीवमधल्या बेटावरची शाळा मी वर ठेवीन. आखातात बी. एड. लागतं, आणि ही अट तुमच्या बाजूची आहे. बाकीचे शिक्षकही प्रशिक्षित भेटतात. मालदीवमध्ये बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवतात आणि भारतीय शिक्षक, विशेषतः केरळ-तमिळनाडूचे, तिथे वर्षानुवर्षं आहेत. बेटावर एकटेपणा येतो, भाजी बोटीने येते. पण पासपोर्टवरून कोणी तुम्हाला कमी लेखत नाही आणि शेजारच्या वर्गात विचारायला जाणतं माणूस असतं.

दलालाबद्दल सांगून थांबतो. दहावी झालेल्यांच्या पासपोर्टला आखातासाठीही एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. मजूर निघाला तर सरकार त्याचे कागद तपासतं. पदवीधर शिक्षिकेचे कोणी तपासत नाही. ते तुम्हालाच करायचं आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेल्या भरती एजंटांची यादी आहे. त्यांना सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच घेता येतं, आणि पावती द्यावी लागते. दीड-दोन लाख मागणाऱ्याला उभं करू नका, मग तो गावातल्या ओळखीचा का असेना. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका. तीन महिन्यांचा खर्च स्वतःच्या खात्यात असू द्या. आणि कामाचा व्हिसा मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढू नका.