काकूंचे एकोणिसावे शतक

जानेवारी लागला की पनवेलात स्नेहसंमेलनांचे मांडव पडतात आणि वेशभूषाकाकूंच्या मशीनला उसंत उरत नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 17 फेब्रुवारीला वासुदेव बळवंत फडके. शिरढोण हाकेच्या अंतरावर, नाट्यगृहालाही फडक्यांचेच नाव, त्यामुळे दुसरी-तिसरीच्या प्रत्येक वर्गात एखादा फडके निघतोच. या काकू लाईन आळीत असतात, खांदा कॉलनीत असतात आणि नवीन पनवेलातल्या टॉवरमध्येही असतात. चष्मा कपाळावर, टेप गळ्यात, टाचण्या तोंडात. म्हणून बोलणे मोजके. काम फक्त एकोणिसाव्या शतकाचे. कोणी जिजाऊंचा पोशाख मागितला तर ‘शिवकाल माझा विषय नाही’ असे एखाद्या प्राध्यापकाच्या थाटात सांगून मोकळ्या होतात. शेजारपाजारच्यांच्या मते हे जरा अतीच आहे. मला मात्र वाटते की गावात इतिहास कोणी मनावर घेतला असेल तर तो या काकूंनीच. भाषणात सनावळी चुकली तरी टाळ्या पडतात. कपड्यात अंदाज चुकला तर तो भर स्टेजवर काखेत उसवतो.

जांभळ्याचेच घ्या. सावित्रीबाईंच्या लुगड्यासाठी कुणाची तरी आई झगझगीत जांभळे कापड घेऊन येते. काकू ते उजेडात धरतात आणि टाचण्या काढून सुनावतात, ‘अहो, भिडेवाड्यातली शाळा 1848 ची. असला जांभळा रंग विल्यम पर्किनने लंडनमध्ये शोधला 1856 मध्ये. आठ वर्षे थांबता का?’ यावर आईचा बिनतोड वाटणारा सवाल असा की, त्या काळचे फोटो आणि चित्रे रंगीत थोडीच होती, मग रंग कोणी पाहिलाय? पण इथे आईची गल्लत होते. लुगडे नेमके कोणत्या रंगाचे होते हे सांगता आले नाही, तरी कोणत्या रंगाचे असणे शक्यच नव्हते हे छातीठोकपणे सांगता येते. नीळ, मंजिष्ठा आणि हळद यांतून काय निघते याला मर्यादा आहेत. निम्मे इतिहाससंशोधन याच नकारावर चालते, फक्त संशोधकाला त्याबद्दल मानधन मिळते आणि काकूंना ‘खडूस’ ही पदवी. बाराबंदीला बटणे लावा म्हणणाऱ्या बापाचीही हीच गत होते. बंदच हवेत, आणि तेही बाहेरून शोभेला चिकटवलेले नकोत. खरोखर बांधता-सोडता आले पाहिजेत.

आता खरा आक्षेप. एवढ्या कडक काकू लुगड्याच्या आत मात्र सर्रास वेल्क्रो लावतात, ज्याचे पेटंट 1955 चे! कमरेला इलॅस्टिक, निऱ्या आधीच टीप मारून पक्क्या, कासोटाही शिवलेला, पदराखाली टिचबटण. जांभळा परका आणि वेल्क्रो घरचा, हा कुठला न्याय? न्याय असा की नऊवारीच्या आत सात वर्षांची मुलगी आहे आणि नाव पुकारायच्या पाच मिनिटे आधी तिला हमखास शू लागते. शिवाय त्या शतकातली माणसे तरी कुठे पोथीतले कपडे घालत होती? धोतरावर कोट आणि डोक्यावर पगडी ही तडजोड त्यांचीच. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत गेल्यावर नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीची साडी जवळ केली. उलट 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉटच्या मेजवानीला जोतीराव मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले, कारण तिथे पोशाखाला काही सांगायचे होते. काकूंची विभागणी हीच आहे. जे कापड लोकांशी बोलते ते काळाला धरून हवे; जे नुसते आतून धरून ठेवते त्याला सन विचारायचा नाही.

भाड्याने हे सगळे स्वस्तात मिळते, हे खरेच आहे. पण दुकानातला एकच मखमली अंगरखा सकाळी शिवाजी, दुपारी तात्या टोपे आणि संध्याकाळी अकबर होतो. काकूंची पगडी बघा. मुलाच्या डोक्याच्या मापाचे पातेले शोधायचे, ते पालथे घालून वर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे थर द्यायचे, दोन दिवस वाळवायचे, मग जुन्या सुती साडीची पट्टी पिळून पेच बसवत न्यायचे. तोवर घरात आमटी दुसऱ्या भांड्यात. आता काकूंचा जाचही आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, गॉगल आणि बुलेट असा त्रिवेणी संगम दिसला की त्यांचे बीपी वाढते, आणि ओळख ना पाळख, त्या भररस्त्यात लोकांचे काठ तपासू लागतात. दाढीपुढे मात्र त्यांनी हात टेकले आहेत. फडक्यांना दाढी हवीच, ती शिवता येत नाही. मग भाड्याच्या दुकानातूनच आणावी लागते, आणि परवाच ती अकबराला लावलेली असते.