भिंत एक, मालक किती?

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधला, कुठल्याही सेक्टरमधला एखादा दुमजली ब्लॉक घ्या. दोन कुटुंबं खाली, दोन वर. दारं चार, मीटर चार, मधली भिंत समाईक. आता सांगा, ही इमारत सुटी की जोडलेली?

‘जोडलेली’ म्हणालात ना? चुकलात.

मूल्यांकनात हा प्रश्न कुटुंबांबद्दल नसतो, इमारतीबद्दल असतो. भिंती आणि छप्पर दुसऱ्या इमारतीपासून वेगळं, चारही बाजूंना मोकळी जागा, म्हणजे सुटी इमारत. तीनच बाजू मोकळ्या असतील तर निमसुटी. सुटी की जोडलेली ठरवताना आपली राष्ट्रीय इमारत संहिता एवढंच विचारते. आत किती चुली पेटतात, ते नाही.

अमेरिकेत दोन ते चार कुटुंबांच्या घरासाठी मूल्यांककाचा वेगळा फॉर्मच बनवला गेला. कुटुंबं किती, हा एक रकाना. इमारत सुटी की जोडलेली, हा दुसरा. इतकं साधं आहे. मग आपल्याकडे ‘फ्लॅट’ हा एकच शब्द ठोकून मोकळं व्हायची घाई कशाला?

कारण शब्द बदलला की आकडा बदलतो. स्वतंत्र घर म्हटलं की जमिनीची किंमत वेगळी, बांधकामाची वेगळी, आणि बांधकामाच्या वयानुसार घसारा. फ्लॅट म्हटलं की क्षेत्रफळ गुणिले दर. जमिनीचा हिस्सा त्यातच विरघळला. पन्नास-साठ वर्षांच्या घराचं खरं मोल कशात असतं? विटांत?

जमिनीत.

आणि टाउनशिपमधली जमीन कुणाची? १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, भोवती सेक्टर वसले. अख्खा ब्लॉक कारखान्याचा, म्हणून मधली भिंत ही घरातली भिंत. मग या शतकाच्या सुरुवातीला सेलनं, म्हणजे कारखान्याच्या मालक कंपनीनं, हजारो क्वार्टर लीजवर दिली. तीच भिंत आता दोन लीजधारकांच्या मध्ये आली.

वीट हलली नाही. कागद हलला.

अशा घराचं मूल्यांकन करताना आधी लीजची उरलेली वर्षं मोजायला हवीत, मग चौरस फूट. जमीन जणू मालकीचीच आहे असं धरून काढलेला आकडा घेणाऱ्याला बुडवतो. लीजच विसरून ‘जुनं बांधकाम’ म्हणून पाडलेला आकडा देणाऱ्याला.

त्यात वाढीव बांधकामं. बाजूच्या मोकळ्या पट्टीवर एकानं खोली काढली, शेजाऱ्यानं पत्रे टाकले, दोन ब्लॉक एकमेकांना टेकले. नकाशावर सुटी असलेली इमारत जागेवर जोडलेली झाली. समोरून दोन फोटो काढून निघालेल्या मूल्यांककाला हे दिसणार कसं?

‘सरकारी गाइडलाइन दर आहेत की,’ असं कुणीतरी म्हणतंच. ते दर मुद्रांक शुल्कासाठी. छत्तीसगड सरकारनं २०१९ मध्ये ते सरसकट ३० टक्क्यांनी उतरवले, २०२४ मध्ये ती सूट काढून घेतली. तेवढ्यानं कुणाच्या घराचं छत मजबूत झालं की कमकुवत?

कर्ज काढणाऱ्यांनी बँकेकडून मूल्यांकनाचा पूर्ण अहवाल मागून घ्यावा आणि शेवटच्या आकड्याआधीची पानं वाचावीत. जमीन कुणाच्या नावावर, लीज कधी संपते, छत गळलं तर खर्च कुणाचा, हे त्यात नसेल तर अहवाल परत पाठवावा. फी तुम्हीच भरलेली असते.

खालच्याकडे अंगण आहे, गच्ची नाही. वरच्याकडे गच्ची आहे, अंगण नाही. दोघांना एकच दर लावून सही ठोकण्याआधी मूल्यांककानं निदान जिना तरी चढावा.