प्रूफ डब्यात आहे

लग्नपत्रिका छापण्याचा धंदा विसराळू माणसाने करू नये. वाण्याने साखरेऐवजी रवा बांधून दिला तर गिऱ्हाईक परत येऊन बदलून नेतं; पत्रिकेत वधूच्या नावापुढे भलत्याच वराचं नाव पडलं तर बदलून काय द्यायचं? तरीही आमचे अण्णा गिरगावात, कांदेवाडीत, म्हणजे ऐन पत्रिकांच्या पेठेत छापखाना चालवत होते आणि तो चालतही होता. याचं श्रेय ते स्वतःच्या शिस्तीला देत. मी तिथे मॅनेजर होतो. मॅनेजर हा हुद्दा. काम, अण्णांच्या वतीने लक्षात ठेवणं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. खिळे जुळवणारे कंपोझिटर अजून होते, ट्रेडलच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागे. अण्णांच्या टेबलामागे जावजी दादाजींची तसबीर होती. 1869 साली त्यांनी याच मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि शुद्ध छपाईत देशभर नाव मिळवलं. अण्णा सकाळी तसबिरीला हात जोडत आणि वळून मला विचारत, "परवाचं ते काम कुठवर आलं?" त्यातलं 'परवा' म्हणजे कुठला वार आणि 'ते' म्हणजे कुणाचं काम, हे ओळखण्याचा मला पगार होता.

बरं, स्मरणशक्ती नव्हती म्हणावं तर तसंही नाही. कागद नुसता बोटांत धरून तो किती ग्रॅमचा हे ते सांगत. प्रूफात सुटलेला अनुस्वार त्यांना झोपेतही दिसला असता. फक्त सकाळी दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत टिकत नसे. 'गुरुवारी या, पत्रिका तयार' असं सांगितलेलं गिऱ्हाईक गुरुवारी दारात उभं राहिलं की अण्णा इतक्या आपुलकीने म्हणत, "या, या! काय छापायचंय?" एका मुलीचे वडील हे ऐकून मटकन खुर्चीत बसले होते. त्यांना पाणी देण्याचं कामही माझ्याकडेच होतं.

सुरुवातीला मी चिठ्ठ्या लिहून देत असे. त्या सदऱ्याच्या खिशात जात आणि सदरा धोब्याकडे. आमच्या ऑर्डरींची त्या धोब्याला माझ्याहून जास्त माहिती असावी. मग डायरी करून पाहिली, तर अण्णा एका वेळी चार डायऱ्यांत लिहू लागले. शेवटी भिंतीवरचं कालनिर्णय कामाला आलं. 1973 पासून घरोघर दुधाचे खाडे लिहायला त्याचा उपयोग होतोच. आम्ही त्याच चौकोनांत पत्रिकांच्या तारखा लिहिल्या. खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर खिशात जात नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय विवाहमुहूर्त त्यातच छापलेले, त्यामुळे कुठल्या दिवशी आपली मान जायची आहे हे महिनाभर आधीच कळे.

'तुम्हीच म्हणाला होतात' हे वाक्य अण्णांवर रामबाण चाले. आपण काय म्हणालो होतो हे त्यांना कधीच आठवत नसे, त्यामुळे ते लगेच मान डोलवत. मी ते जपून वापरी. आमच्या बायंडरने मात्र त्यावर दोनदा उचल घेतली. अण्णांनी एकदा मला पगारवाढ दिली आणि विसरून पुढच्याच महिन्यात पुन्हा दिली. दुसरी वाढ हिशेबनिसाने पकडली. तो काही विसरत नसे, आणि म्हणूनच आम्हा कुणाला तो फारसा आवडत नसे.

खरी अडचण प्रूफांची होती. अण्णा दादरला राहत. रात्री प्रूफं घरी नेत, मन लावून तपासत आणि सकाळी ती तिथेच टाकून मोकळ्या हाताने चर्नी रोडला उतरत. एकदा असाच मुहूर्त तोंडावर आलेला, मशीन थांबलेलं. मी वहिनींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "डबेवाला अजून यायचाय हो भाऊजी. डब्यात घालते."

साडेबाराला प्रूफ आलं. वरच्या पुडात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुंडाळी करून.

महादू हवाजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास सुरू केलेल्या त्या व्यवस्थेवर मी त्या दिवसापासून छापखाना टाकला. झाकणावर रंगाने काढलेल्या दोन-चार खुणा. तेवढ्यावर डबा दादरहून निघून नेमका आमच्या जिन्यात येई. रिकामा डबा परत जाताना मी त्यात वहिनींना चिठ्ठी घालत असे: 'उद्या पार्टी दहाला येणार. अण्णांना साडेआठला बाहेर काढावं.' वहिनी काढत. अण्णा वेळेवर येत आणि स्वतःच्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोलत. प्रूफांना वालाच्या बिरड्याचा वास येई. आमचा फोरमन ती वाचण्याआधी हुंगत असे आणि मेनू जाहीर करत असे. वरचा पूड प्रूफांना गेल्यामुळे अण्णांची कोशिंबीर बंद झाली. "हल्ली ही कोशिंबीर का देत नाही?" असं त्यांनी मला एक-दोनदा विचारलं. घरी जाऊन विचारायचं ते विसरत असावेत.

या व्यवस्थेला एकच सुट्टी होती. एप्रिलात डबेवाले जत्रांसाठी आठवडाभर जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातल्या आपापल्या गावी जातात, आणि नेमका तोच लग्नांचा हंगाम. तो आठवडा रोज सकाळी मीच दादरला जाऊन प्रूफं आणत असे, आणि वहिनी माझ्या हाती डबाही देत.

चातुर्मासात पत्रिका थंडावत आणि गणपतीची कामं सुरू होत. 1893 साली आमच्या गिरगावात केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, 1920 मध्ये चिंचपोकळीत, 1934 मध्ये लालबागच्या बाजारात; मूर्तिकारांइतकंच छापखानेवाल्यांचंही त्यात भलं झालं. पावतीपुस्तकं, अहवाल, जाहिराती. लालबाग-परळच्या झाडून सगळ्या पोरांना अण्णा एकच तारीख देत: 'उद्या'. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने एका गल्लीचा गठ्ठा शेजारच्या गल्लीला दिला. पोरांनी न बघता पावत्या फाडून वर्गणीही घेतली! संध्याकाळी दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते आमच्या जिन्यात. आवाज चढले, एकाने बाही वर सारली. आतून अण्णा बाहेर आले, गर्दी पाहून त्यांचा चेहरा खुलला आणि ते म्हणाले, "या, या! काय छापायचंय?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि भांडणच संपलं. त्यानंतर मी नियम केला: मंडळाच्या माणसाने पहिली पावती काउंटरवर मोठ्याने वाचायची, मगच गठ्ठा हलणार. पत्रिकांसाठीही तेच, वधूच्या बापाने वराचं नाव वाचून खाली सही करायची. अण्णांना हे फार आवडलं. "मी किती वर्षं सांगतोय," ते म्हणाले. मी मान डोलवली.

तुमचेही साहेब असेच असतील तर त्यांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या घरचा फोन नंबर घ्या आणि डबा किती वाजता निघतो ते विचारून ठेवा.